पाटणच्या भाषणाचा खुलासा

पाटणच्या शाळेत आमच्या ह्यांचा सत्कार झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा घोळ सुरू झाला... सत्तरच्या दशकातली, लढाई संपून काही महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. हे परराष्ट्र खात्यात, परदेशातल्या वकिलातीत नोकरीला. आम्ही रजेवर गावी आलो होतो.

आता वकिलातीतल्या माणसाचं बोलणं म्हणजे काय सांगू... अर्धा तास बोलतील आणि हाती काही लागू देणार नाहीत. आमटीत मीठ कमी आहे का विचारलं तरी 'तसं निश्चित म्हणता येणार नाही' असं उत्तर!

सभेत एका म्हाताऱ्या हवालदारांनी उठून विचारलं, लढाईत बेपत्ता झालेल्या आमच्या पोरांचं काय? आमच्याकडे घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे सगळ्या माना ह्यांच्याकडे वळल्या. हे म्हणाले, बोलणी चालू आहेत, काहीजण सीमेपलीकडच्या छावणीत असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

सकाळी सांगलीच्या एका पेपरात हा मोठा मथळा... 'बेपत्ता जवान सुखरूप, लवकरच घरी!' खाली ह्यांचं नाव. मला आधी वाटलं, माझंच ऐकण्यात काही चुकलं की काय.

ह्यांचं तर धाबंच दणाणलं. सरकारी नोकर दिल्लीला न विचारता असलं काही बोलला म्हणजे नोकरीवर गदा, आणि लोकांना खोटी आशा लावल्याचं पाप वेगळंच. 'मी असे बोललेलो नाही' असा खुलासा लिहून हे सांगलीची एसटी गाठायला निघाले, तोवर दारात एक बाई उभी.

पंचविशीची असेल, कोयनेकडच्या एका वाडीतून आलेली. कडेवर पोर, हातात तोच पेपर. नवरा बेपत्ता असल्याची तार येऊन कितीतरी महिने झाले होते.

ह्यांनी कधी नव्हे ते सरळ सांगून टाकलं, की बाई, मी तसं बोललो नाही, छापलंय ते चुकीचं आहे.

"ठावं हाय मला, सायेब," ती म्हणाली. "मी म्होरंच बसले हुते की सभंत."

मग ही आली कशाला?

"दीर म्हणत्यात, त्यो गेला, कुंकू पूस, दिवस घालून मोकळं हू. ह्ये छापून आलं आन् समदी गप झाली. तुमी न्हाई म्हणू नगासा... त्ये हायती का न्हाईत, माजं मला कळंल. पर कुणी घाई करू ने."

एवढं बोलून ती गेली. एसटीही गेली. मी म्हटलं, खरं काय ते छापायलाच हवं, नाहीतर बाकीच्या बेपत्ता जवानांच्या घरांतली माणसंही वाट बघत बसतील. आणि लगेच मीच म्हटलं, पण मग हिचं काय? डोकं नुसतं भणाणून गेलं...

दुपारी ह्यांनी पहिला कागद फाडला आणि नवा खुलासा लिहिला. 'आशयाचा काहीसा विपर्यास संभवतो, तथापि...' असं काहीतरी. मी तीनदा वाचला, पण नाकारलंय काय आणि कबूल केलंय काय, काही केल्या कळेना.

पेपरनं तो जसाच्या तसा छापला. दिल्लीहून विचारणा आली, तिलाही तसंच उत्तर गेलं. तिकडून पुन्हा काही आलं नाही, बहुतेक त्यांनाही कळलं नसावं!

पुढच्या रजेला आलो तेव्हा ती आपणहून भेटायला आली. कपाळ मोकळं होतं. "सायेब, म्या माज्या तोंडानं सांगून त्येंचं दिवस घातलं," ती म्हणाली. "आता करा तुमचा खुलासा."

मला रडू आवरेना, आणि उलट तीच माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली.

आम्ही केलं ते बरं की वाईट, मला आजही उमगत नाही. ती सांगायला आली, हे तिचे उपकार... बाकीच्या घरांतून कुणी आलं नाही.