एकशे शहाऐंशी घरांतलं ताट

सिंधु बिराजदार खोटे फॉर्म भरते, असं ऑफिसात पहिल्यांदा मीच म्हणाले. त्याची लाज मला आजही वाटते.

मी नांदेडची. लातूरच्या एका संस्थेत आहार आणि मधुमेहाचा अभ्यास चालतो, तिथे गावांतून आलेले फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायचं माझं काम. चाकूर तालुक्यातली एकशे शहाऐंशी घरं सिंधुकडे होती. वर्षातून एकदा प्रत्येक घरात जायचं, एका दिवसाचं जेवण वजनकाट्यावर मोजायचं, नवऱ्याचं वेगळं, बायकोचं वेगळं, आणि साखर तपासायची. चार वर्षं तिने हे केलं. गुडघे दुखायचे, तरी एकही घर चुकवलं नाही.

पण तिचे आकडे बघून माझं डोकं फिरायचं. तिच्या गावांतल्या बाया म्हणे दिवसाला जेमतेम हजार कॅलरी खातात. दिवसभर रानात खुरपतात, वजन तसूभर कमी होत नाही, साखर मात्र दरवर्षी वर. आणि ‘ताटात उरलेलं’ या रकान्यात चार वर्षं, प्रत्येक घरात, शून्य. एवढी घरं, आणि कुणी कधी घासभर भाजी टाकली नाही? घरी बसून भरलेत, असं मी अभ्यासाचं काम बघणाऱ्या सिद्धेश्वर सरांना सांगितलं.

सरांनी तिला बोलावलं. “महिनाअखेर अभ्यासाचा अहवाल वर जाणार आहे,” ते म्हणाले. “तोवर पटवून दिलं नाहीत तर चाकूरचे सगळे फॉर्म बाद. आणि तुमच्याबद्दल वर लिहावं लागेल.”

सिंधु रडली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत नुसती म्हणाली, “सर, उरतच न्हाई तर मी काय लिहू?”

दुसऱ्या दिवशी तपासणीला मलाच पाठवलं. एसटीत ती माझ्याशेजारी बसली. चाकूर येईपर्यंत पिशवीतला वजनकाटा तिने तीनदा काढून बघितला. मी खिडकीबाहेर बघत होते. तिच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

पहिलं घर हणमंतरावांचं. त्यांची बायको कस्तुराबाई, वय पंचावन्न, साखर दोनशे चाळीस. सिंधुने हणमंतरावांचं ताट मोजलं: तीन भाकरी, वरण, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. कस्तुराबाईने स्वतःसाठी टोपल्यात एक भाकरी ठेवली होती, तीही मोजली. हणमंतराव जेवले, दीड भाकरी आणि निम्मं वरण तसंच ठेवून हात धुवायला उठले. कस्तुराबाई आपली भाकरी घेऊन त्याच ताटासमोर बसली आणि सगळं संपवून ताट मोरीत ठेवलं.

सिंधुने रकान्यात शून्य लिहिलं.

“अहो, ते उरलेलं?” मी विचारलं.

“कुटं उरलं? कस्तुराकाकूनं खाल्लं की.”

“मग ते काकूंच्या नावावर नको का?”

कस्तुराबाई पदराआड हसली. “बाईच्या जातीनं नवऱ्याच्या ताटात जेवावं, त्यात काय लिहायचं? ही सिंधुबी तशीच जेवती की घरी. इचारा तिला.”

सिंधुच्या हातातला पेन खाली पडला. पेन उचलताना ती पुटपुटली, “हाव. मीबी तसंच जेवते.” फॉर्म खोटे नव्हते. अशाच घरात जन्मलेल्या बाईला जे विचारण्याजोगं वाटलंच नाही, ते चार वर्षं नवऱ्यांच्या पोटात मोजलं गेलं होतं. मला हायसं वाटलं, तिला नाही.

सरांना फोन केला. ते म्हणाले, “नऊ दिवस आहेत. चाळीस घरांत नीट मोजून आणा. त्यावरून बाकीचे सुधारता येतील. नाहीतर बाद.”

खरी धाकधूक तिथून सुरू झाली. बातमी आमच्याआधी गावात पोचली होती. लातूरची बाई कोण कुणाचं उष्टं खातं ते लिहायला आली आहे, म्हणे. दुसऱ्या घरात बायकोने स्वतःसाठी वेगळं ताट मांडलं. तिसऱ्या घरातही. नवऱ्यांनी त्या दिवशी भाताचं शीतसुद्धा ठेवलं नाही. घरोघरी हेच. पाचव्या दिवसाअखेर आमच्याकडे खरं सांगणारी तीन घरं होती. सिंधुला जेवण जाईना. “ताई, फॉर्म बाद झाले तर या बाया अभ्यासात कुटंच न्हाईत बघा,” ती म्हणाली. “माझ्या चुकीनं.” आग मीच लावली होती.

सहाव्या दिवशी सकाळी बसम्माच्या घरी गेलो. अंगणात बसम्मा, जेमतेम बसता येणारी म्हातारी, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. आत तिची सून पुनम, पस्तिशीची, तिलाही नुकतीच साखर निघालेली. पुनमने नवरा जेवून गेल्यावर कोरं ताट घेतलं. नवऱ्याच्या ताटात भाकरी आणि आमटी होती, ते ताट तिने हळूच फळीखाली सरकवलं. सिंधुने पाहिलं. पण मोजताना घरच्यांना काही सुचवायचं नाही, असा नियम आहे.

“हे कोरं ताट कशाला काढलीस गं?” दारातून बसम्माचा आवाज आला.

पुनम ताट पदराने पुसू लागली.

“साखर झाली की डागदर म्हणतेत, लई खातीस. आन यांच्या कागदात बगितलं तर आपण काईच खात न्हाई. मंग साखर काय वाऱ्यानं आली? मला तर हेच्यातच पाय गेला.” म्हातारीने साडी वर केली. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. “माझं कुणी लिहिलं न्हाई. तिचं लिहा.”

मग पुनमने फळीखालचं ताट पुढे ओढलं आणि भाकरीचा तुकडा मोडला.

“थांब गं,” सिंधु काटा घेऊन तिच्याजवळ सरकली. “आधी मोजू दे.”