जहाज विचार

नवऱ्यापाठोपाठ त्रिनिदादला निघालेली माझी मुलगी मंगरूळपीरहून वाशीमला जाताना सर्व्हिस मोटारीत रडत होती. माझे सगळे समजावून झाले होते. समोर वांग्यांची टोपली धरून बसलेली म्हातारी म्हणाली, "काहून रडून राह्यली वं? मी जवानीत इंग्रजाच्या करारावर तिथंच ऊस तोडला."

मग टोपलीवरचा हात न काढता तिने बजावले, "समुद्रकाठी हिरवं, गोल फळ पडलेलं दिसन, ते खाऊ नको. पावसात त्या झाडाखाली थांबू नको, आंगाले फोड येतात. अन् आपला माणूस भेटला तं जात इचारू नको, जहाज इचार. एका जहाजानं गेलेले सख्खे भाऊबहीण असतात."

मुलीने डोळे पुसले. "आजी, तुमचं जहाज कोणतं?"

म्हातारीने टोपली सोडून तिचा हात धरला. "इकडं आल्यापासून हे मले कोणीच नाही इचारलं, माय."

वाशीम येईपर्यंत दोघी जहाजाबद्दलच बोलत होत्या. वांगी मी सांभाळली.