अर्धवट लिहिलेल्या ओळीचं काय होतं?

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं होती. मी रत्नागिरीतल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवत होते. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. मुंबईतले माजी विद्यार्थी शाळेला कॉम्प्युटर देणार होते. त्यावर शाळेचं जनरल रजिस्टर चढवायचं आणि ते काम मी करायचं, असं सरांनी ठरवूनच टाकलं होतं. कारण मे महिन्यात मी कोल्हापूरला तीन आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलं होतं. त्या प्रशिक्षणात एका मशीनमागे आम्ही सहाजण असायचो आणि माझ्या हाताला की-बोर्ड दिवसाकाठी जेमतेम दहा मिनिटं लागायचा, हे मी सरांना सांगितलं नाही. मी बरं म्हणाले.

जनरल रजिस्टर म्हणजे शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची नोंद. नाव, जन्मतारीख, जन्मगाव, कधी आला, कधी गेला. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो. आमच्याकडची कितीतरी मुलं बोटीवर लागत, मुंबईला जात आणि बऱ्याच वर्षांनी दाखल्याची दुसरी प्रत मागायला परत येत. माझ्या धाकट्या दिराच्या दाखल्यात त्याच्या शाळेनं जन्मसालातल्या आठाचा तीन केला होता. बोटीवरची ठरलेली जागा गेली आणि तो सात महिने घरी ओटीवर बसून होता. त्या सात महिन्यांत घरात कोणी मोठ्यानं बोलत नसे. त्यामुळे रजिस्टर हा शब्द ऐकला की मला तो ओटीवरचा दीरच दिसायचा.

पुढच्या आठवड्यात पुण्याहून विक्रेत्याचा माणूस आला. नुसतं मशीन घेऊन भागत नाही, ते चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम निवडावी लागते, असं त्यानं समजावलं. माहिती कुठे ठेवायची, कोणाला उघडू द्यायची, हे सगळं तीच बघते. पर्याय दोन होते. युनिक्स घेतली तर एका मशीनला तीन पडदे जोडून तीन कारकून एकाच वेळी काम करू शकणार होते, पण ती महाग होती. डॉस स्वस्त आणि साधी, पण एका वेळी एकच माणूस. पुण्यातल्या मोठ्या संस्था युनिक्सच घेतात, असं तो दोनदा म्हणाला. सरांचे डोळे चमकले. देणगीदार उद्घाटनाला येणार, तीन पडदे ओळीनं मांडलेले दिसणार. पंधरा दिवसांनी व्यवस्थापन समितीची बैठक होती आणि तिथे मी शिफारस करायची होती.

आमचे हेडक्लार्क खोलीच्या कोपऱ्यात बसून हे ऐकत होते. बावीस वर्षं ते रजिस्टर त्यांच्याच अक्षरात चाललं होतं. ते विरोध करणार असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्यांनी विरोध केला नाही. एकच गोष्ट विचारली.

"मी नाव लिहितोय आणि मध्येच लाईट गेली, तर त्या अर्धवट ओळीचं काय होतं?"

विक्रेता हसला आणि आधुनिक यंत्रणेत तसं काही होत नाही म्हणाला. मला मात्र हसू आलं नाही. आमच्याकडे लाईट दिवसातून दोन-तीनदा सहज जायची, आणि हा प्रश्न मला सुचायला हवा होता.

मिरजोळ्याला औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात युनिक्सचं मशीन आहे असं कळलं. एक दिवस रजा टाकून मी तिथे गेले. मशीन सांभाळणारा इंजिनिअर साताऱ्याकडचा, माझ्यापेक्षा वयानं लहान, पण फार सज्जन. त्यानं मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि तिथल्या तीन पडद्यांवर तीन मुली एकाच वेळी कशा काम करतात ते दाखवलं. खरोखरच ते बघण्यासारखं होतं. एकीनं भरलेली नोंद दुसरीला लगेच दिसत होती. मी मनातल्या मनात शिफारस लिहूनही टाकली.

आणि लाईट गेली. तासाभरानं आल्यावर त्यानं मशीन चालू केलं. मशीन स्वतःला तपासू लागलं आणि पडद्यावर इंग्रजीत प्रश्न येऊ लागले. हे सापडत नाही, पुसू का? हे तुटलंय, पुसू का? तो प्रत्येक वेळी हो म्हणून बटण दाबत होता. काय पुसलं जातंय ते कसं कळतं, असं मी विचारलं.

"खरं सांगू का, मला नाही कळत," तो म्हणाला. "ज्याला कळतं तो पुण्याला असतो. फोन केला की दोन दिवसांनी येतो."

कारखान्यातला माल पुन्हा मोजता येतो, म्हणून तिथे चालून जातं, असंही तो म्हणाला. यंत्रणा वाईट नव्हती. तिला जाणणारं माणूस जवळ हवं होतं, आणि आमच्याकडे होते मी.

मग मी शाळेत एक प्रयोग केला. विक्रेत्यानं डॉसवरचं एक मशीन नमुन्याला ठेवलं होतं. त्यावर हेडक्लार्कांनी एका बोटानं पन्नास खोटी नावं भरायची असं ठरलं. प्रत्येक नाव भरलं की ते समोरच्या कागदावरच्या यादीत त्या नावापुढे टिंब करत. माझा हात भिंतीवरच्या बटणावर. कधी बंद करणार ते त्यांना सांगितलं नव्हतं. पन्नासावं नाव चालू असताना मी बटण बंद केलं. पडदा काळा झाला.

मशीन पुन्हा चालू केलं. अठ्ठेचाळीस नावं जागेवर होती. शेवटची दोन नव्हती.

"खाल्लीन दोन नावं," हेडक्लार्क म्हणाले. मग कागदावर बोट ठेवून सावकाश म्हणाले, "पण कुठली ती मला म्हायत आहे. मी परत भरतो."

समितीच्या बैठकीत मी हेच सांगितलं. नोंद कधीतरी जाणारच, पण काय गेलं ते आपल्याला कळायला हवं, आणि ते परत भरणारं माणूस याच इमारतीत हवं. डॉस घ्यावी आणि वाचलेल्या पैशांत दहा मिनिटं वीज धरून ठेवणारं यंत्र घ्यावं. एका सभासदांनी विचारलं की मग आपली शाळा मागे नाही का राहणार. सरांनी बराच वेळ चष्मा पुसला आणि बाई म्हणतात तसं करू म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरची नाराजी मला महिनाभर पुरली.

त्यानंतरचं वर्षभर मी काळजीतच काढलं. रोज शाळा सुटताना रजिस्टरची नक्कल तीन फ्लॉपींवर आळीपाळीनं घ्यायची आणि मग मशीन बंद करायचं, ही दोन्ही कामं माझीच. दहावीचे बोर्डाचे फॉर्म जायच्या आदल्या दिवशी सकाळी रजिस्टरची फाइल उघडेना. मी पहिली फ्लॉपी घातली. मशीननं नाकारली. बाहेर काढून बघते तर आतल्या तबकडीवर बुरशीचे पांढरे ठिपके. कपाट भिंतीला लागून होतं आणि ओल थेट आत गेली होती. दुसरीही तशीच. तिसरी मी हेडक्लार्कांच्या हातात दिली आणि घाला म्हणाले. ती उघडली. तीन दिवसांपूर्वीची होती.

त्यानंतर काय भरलं ते त्यांच्या कागदावर टिंबांसकट होतं. मी वाचत गेले, ते भरत गेले. प्रत्येक जन्मतारीख आम्ही मूळ वहीशी दोनदा ताडून पाहिली. दुपारी तीनला फॉर्म छापून झाले, सरांनी सह्या केल्या आणि मी स्वतः गठ्ठा घेऊन एस.टी. स्टँडवर गेले. बोर्डाकडे निघालेल्या शिपायाच्या हातात तो दिला, गाडी हलेपर्यंत थांबले आणि घरी आले.

सासूबाईंनी चहा पुढे ठेवला. अर्धा कप झाला आणि आठवलं की मशीन चालूच राहिलं आहे. तशीच चपला घालून शाळेकडे धावले. कार्यालयाचं दार उघडं होतं. हेडक्लार्क मशीनसमोर स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसले होते. त्यांच्या गावाकडे जाणारी शेवटची एस.टी. निघायला पाव तास उरला होता.

"तुम्ही गेला का नाहीत अजून?" मी विचारलं.

"बंद कसं करायचं ते तुम्ही मला शिकवलंच नाहीत," ते म्हणाले. "उगाच बटण दाबलं आणि काही गेलं तर?"

मी त्यांच्या शेजारी दुसरं स्टूल ओढलं आणि बंद करायची रीत पहिल्यापासून सांगू लागले.