‘शिक्षा’ की ‘सजा’

बायको जाऊन दीड वर्ष झालं आणि मुलीने तिला भिंतीएवढी करून तलावाकाठच्या मैदानात लावली. मला आधी हे पटलंच नव्हतं. गेलेल्या माणसाचा फोटो हार घालून घरात लावतात, मैदानात नाही. तसं मी बोललोही. मुलगी म्हणाली, "बाबा, फोटो नाही, फिल्म आहे. चार मिनिटांची. आई तूर सोलत होती तेव्हा मोबाईलवर काढलेली. महोत्सवात दाखवतायत. तुम्ही नुसते चला."

मुलगी इथे भोपाळातच साकेत नगरला राहते, तिथे दवाखान्यात एक्स-रे काढते. फिल्मा करायचा नाद तिला कुठून लागला, देवाला ठाऊक. मी नागपूरकडून आलेला, कारखान्यात फिटर, चौथीपर्यंत शिकलेला. मला त्यातलं काही कळत नाही. मैदानात पोचलो तर पडद्यावर नुसते रंग उकळत होते, मधूनच एक मासा यायचा आणि त्याचं झाड व्हायचं. मी म्हटलं, "बिघडलाय वाटतं." शेजारचा माणूस म्हणाला, "चाचा, ये आर्ट है. कंप्यूटर से बनी." असेल. मला त्या पडद्याचा सांगाडाच जास्त आवडला. फरशा बसवाव्यात तसे चौकोन बसवलेले, सांधा कुठे दिसत नव्हता. मागे जाऊन दोन नट-बोल्ट हाताने पाहून आलो. घट्ट होते.

मग ती आली. आमच्या गॅलरीत बसलेली, मांडीवर सूप, सुपात तुरीच्या शेंगा. तिचं एकेक बोट माझ्या दंडाएवढं दिसत होतं. मला वाटलं होतं रडू येईल, पण ती बोलायला लागली आणि रडायला वेळच मिळाला नाही.

मुलीकडे बघून ती म्हणते, "तुझ्या बाबांना मी रोज शिक्षा द्यायची. म्हणून तर माणसात आले." एवढं बोलून मान खाली घालते आणि शेंगा सोलत राहते, चेहरा अगदी साळसूद. ही तिची जुनी खोड. समोरचा हसेपर्यंत स्वतः हसायची नाही.

मैदानात कुणीच हसलं नाही. उलट टाळ्या पडल्या. मागची बाई नवऱ्याला म्हणाली, "देखो, पति को पढ़ाया बेचारी ने!" तेव्हा मी पडद्याखालची हिंदी अक्षरं वाचली. तिथे लिहिलं होतं, "तुम्हारे पापा को मैं रोज़ शिक्षा देती थी, तभी तो इंसान बने." आता हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, एवढं पन्नास वर्षं भोपाळात काढून मलाही कळतं. तिने केला विनोद आणि लोकांनी तिला मास्तरीण करून टाकली.

फिल्म संपल्यावर मी मुलीला विचारलं, "खाली हे कुठल्या गाढवाने लिहिलंय?"

"मी."

ती इथेच जन्मली, हिंदी शाळेत शिकली. मराठी घरची आहे, पण अर्थ कधी कधी शाळेतला निघतो.

"अगं, शिक्षा म्हणजे सजा!"

"पण आईने तुम्हाला नीट वाचायला शिकवलं ना? तीच सांगायची. मला वाटलं तेच म्हणतेय."

"शिकवलं कसलं! सजाच होती ती. शिफ्ट सुटल्यावर पत्ते कुटत बसलो, की घरी आल्यावर पेपरचं एक पान मोठ्याने वाचायचं. अडखळलो तर परत पहिल्यापासून. तोवर जेवण नाही."

पोरगी हसायलाच लागली. "मग माझं काय चुकलं, बाबा? दोन्ही खरंच आहे. राहू दे की. लोकांना आवडलंय."

"लोकांचं मला सांगू नकोस. तुझी आई मयताला गेली तरी चार बायांना हसवून यायची. आणि आज एवढी माणसं बसली होती तर एक दात दिसला नाही. उद्या परत दाखवणार ना? 'सजा' लिही. नाहीतर काढ तिला तिथून."

'काढ' म्हटलं आणि माझं मलाच कसंतरी झालं. मुलीने तिथेच पायरीवर बसून लॅपटॉप उघडला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पहिल्या ओळीत बसलो. तिचं ते वाक्य झालं आणि मी हसलो. एकटाच, मोठ्याने. मला खालचं वाचायची गरज नव्हती. दोघंतिघं वळून बघायला लागले. मग त्यांचंही वाचून झालं, आणि मैदानभर असा हशा पिकला की बस. "सही सज़ा दी अम्मा ने!" मागून कुणीतरी ओरडलं. पडद्यावर ती आपली शेंगा सोलतेय, साळसूद.

"बाबा, पुढचं वाक्य कुणाला ऐकूच आलं नाही," मुलगी कानाशी म्हणाली.

"जाऊ दे," मी म्हटलं. "पुढे ती फक्त आमटीत काय घालायचं ते सांगते."