टेबलाला वळसा

शिंपीमामांना नाटकाचं वेड कधीच नव्हतं. त्यांच्याकडे होती ती दुकानामागची खोली. इस्पितळातल्या सिस्टर एकदा गणवेश सैल करून घ्यायला आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "मामा, संध्याकाळी ही खोली रिकामीच असते ना? आम्ही चार टाळकी नाटक बसवतोय."

नाही म्हणणं मामांना कधी जमलंच नव्हतं. खोली गेली ती गेलीच.

खोलीच्या मधोमध कापड बेतायचं भलंमोठं टेबल होतं, जमिनीत पक्कं रोवलेलं. तालीम त्याच्या भोवतीने चाले. त्या चौघांतला पोस्टमन राजा व्हायचा. प्रधानावर धावून जायचं तरी त्याला टेबलाला वळसा घालावा लागे.

सिस्टरनी नियम केला: ज्याची जागा, त्याला काम. त्यामुळे प्रत्येक नाटकात मामा असत. पहारेकरी, शेजारी, एकदा तर प्रेत. वाक्य एकही नाही. प्रेत झाले तेव्हा पोस्टमन म्हणाला, "मामा, आजवर इतके जिवंत कधी वाटला नव्हतात."

मंडळी वाढत गेली. कुणी पैसा घरी नेत नसे. तिकिटांचं जे येई ते पुढच्या नाटकात जाई. शाळांमधून प्रयोग झाले, इस्पितळाच्या अंगणात झाले, मग परगावीही. रीतसर संस्था झाली, देणग्या येऊ लागल्या आणि शेवटी एक जुनं गोदाम मिळालं. त्याचं नाट्यगृह झालं. पडदा मामांनीच शिवला, पण शिवताना मन लागेना. आता खोली नको, म्हणजे आपणही नकोच.

बायको म्हणाली, "अहो, जागा होती म्हणून तुम्ही होतात. त्यांनी काढायच्या आधी आपणच निघालेलं बरं. मान तरी राहतो."

तिचं पटलं. नव्या जागेतल्या पहिल्याच तालमीला मामा सिस्टरना तसं सांगायला गेले आणि तालीम थांबायची वाट बघत मागच्या खुर्चीवर बसले.

रंगमंच ऐसपैस होता. राजा संतापून प्रधानावर धावला, मध्यावर येताच वळला आणि कशाला तरी फेरी मारून गेला. प्रधानही तसाच पळाला. दासी तबक घेऊन पोट आत ओढून तिरकी सरकत आली. मग सगळे एका कोपऱ्यात दाटीवाटीने उभे राहिले.

सिस्टरनी कपाळाला हात लावला. "मधे काय आहे तिथे? खड्डा आहे?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मागून मामांना हसू आवरेना. "टेबल आहे," ते म्हणाले.

एकच हशा पिकला. पोस्टमनला मात्र लागलं. "हसताय काय? या, तुम्ही चालून दाखवा सरळ."

मामा वर गेले. हातात भाला घेतला, छाती पुढे काढली आणि निघाले. मध्यापर्यंत ठीक होतं. तिथे पाय आपोआप वळला, हात टेबलाच्या कडेवर ठेवावा तसा हवेत टेकला आणि मामा फेरी मारून पलीकडे पोचले.

सिस्टरनी हसून हसून डोळे पुसले. "धन्य आहे. आता रोज तालमीआधी सगळ्यांनी इथून सरळ चालायचं. मामा, तुम्ही पुढे."

"सिस्टर, मी सांगायला आलो होतो, की आता जागा तुमची झाली, तर माझं काम..."

"ते नंतर सांगा. आधी चाला."

मामा परत टोकाला जाऊन उभे राहिले. खोलीची परतफेड म्हणून आपल्याला उभं करतात, असं त्यांना इतकी वर्षं वाटत आलं होतं. पण नुसती खोली देणाऱ्याच्या पायांना अशी खोड लागत नाही; ती तालीम करणाऱ्याच्या पायांना लागते. मागे रांग लावून उभ्या असलेल्या सगळ्यांच्या पायांना तीच लागली होती.

घरी बायकोने विचारलं, "सांगितलंत?"

"राहिलं."

"का बरं?"

"सरळ चालायला शिकवतायत."

"या वयात?" ती म्हणाली आणि पान वाढायला उठली. "मग जेवून घ्या लवकर. उद्या पाय दुखतील."