गाळलेली धुरपा

"धुरपाचं तुम्ही वाचा मॅडम. तुम्हाला अभिनय करावाच लागणार नाही."

सर हसत म्हणाले. वाचनालयाच्या सभागृहात आम्ही सगळे गोल बसलो होतो. बाकीचे हसले. मीही हसले. सगळ्यांच्या आधी मी हसले, हे अजून टोचतं.

मी सेलूत एका शाळेत मराठी शिकवते. माझं बोलणं स्वच्छ आहे असं लोक सांगतात. स्वच्छ म्हणजे काय, ते सांगत नाहीत. पूर्ण नाव विचारतात, आडनाव ऐकतात आणि म्हणतात, "वाटत नाही हो." त्यावर "थँक्यू" म्हणायची मला सवय लागली होती.

कार्यक्रम होता एका जुन्या कादंबरीच्या अभिवाचनाचा. तिचं नाव घेत नाही, तिची जाहिरात पुष्कळ झालेली आहे. सर निवृत्त प्राध्यापक, आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीवरचे. प्रत्येक भाषणात ते त्या कादंबरीला 'संस्कारांची शिदोरी' म्हणतात. फडक्यात भाकरी बांधून उसाच्या फडावर कधी जावं लागलं नाही, अशा माणसांना शिदोरी हा शब्द फार आवडतो.

गोष्ट साधी आहे. मोठ्या घरातली एक सून. सगळे तिला वहिनी म्हणतात. ती आवाज चढवत नाही, खोटं बोलत नाही, दारात आलेल्याला उपाशी पाठवत नाही. त्या घरात धुरपा कामाला आहे. धुरपा मोठ्यानं बोलते, मोठ्यानं शिंकते, नको तिथं डोकावते. ती आली की वाचणारा हसायच्या तयारीनं बसतो. एक दिवस चांदीची वाटी हरवते. धुरपा म्हणते, "म्या न्हाई घेतली वो वहिनीसाब." पुन्हा म्हणते. पुन्हा म्हणते. शेवटी वहिनी तिला माफ करते आणि धुरपा तिच्या पाया पडते. एवढाच भाग आमच्या शाळेत दरवर्षी शिकवला जातो, कारण सरांचा तसा आग्रह असतो. त्यावर ठरलेला प्रश्न: वहिनींची क्षमाशीलता तुमच्या शब्दांत लिहा. त्याची उत्तरं मीच तपासली. क्षमाशील असं नीट लिहिणाऱ्याला पूर्ण मार्क दिले.

पहिल्या तालमीला मी धुरपाचं वाक्य माझी माय म्हणेल तसं म्हटलं.

"अजून थोडं ग्रामीण करा," सर म्हणाले. "मधेमधे 'व्हय जी' टाका. आणि सूर नाकातून काढा."

आमच्याकडं कुणी 'व्हय जी' म्हणत नाही. आमच्या ताडकळसच्या बाजारात असं बोललात तर माणसं विचारतील, पाहुणे कुठले? पण सरांना आमच्यापेक्षा जास्त ग्रामीण ठाऊक होतं. ज्या भूमिकेत मला काही करावंच लागणार नव्हतं, तिची तालीम पंधरवडाभर चालली.

उठून का गेले नाही? खरं सांगायचं तर ती कादंबरी माझी लाडकी होती.

आईवडील ऊसतोडीला जायचे तेव्हा मी वसतिगृहात राहायची. तिथल्या कपाटात ती होती. बाकी पुस्तकं स्पर्धा परीक्षेची. मी ती इतक्या वेळा वाचली की वहिनी माझ्यात येऊन राहिली. हळू बोलणं तिच्याकडून घेतलं. खोटं बोलायचं नाही, हेही. 'आमी'चं 'आम्ही' केलं तेही तिच्यासाठी. सुट्टीत टोळी परत आली की मी मायच्या वाक्यांमधे बोट घालायची. "'न्हाई' नाही गं, 'नाही' म्हण." माय म्हणायची, "नाही." आणि पुढच्या वाक्याला पुन्हा न्हाई. मी तिच्यावर चिडायची. काय वेळ आली होती तिच्यावर. फडावर मुकादम बोलायचा, घरी आली की लेक बोलायची.

आता माय माझ्याजवळ सेलूत असते. मागच्या हिवाळ्यात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. टीव्ही बंद. दिवस जाता जाईना. मग मी संध्याकाळी तिला ती कादंबरी वाचून दाखवायला लागले. तिला अक्षर येत नाही. ती हिरवी पट्टी डोळ्यावर घेऊन, खाटेवर पाय पोटाशी घेऊन ऐकायची. लवकरच तिची वहिनीशी ओळख झाली. शेजारणीबद्दल विचारावं तसं विचारायची, "वहिनीनं काय केलं मंग आज?"

धुरपाचं पान आलं की मी ते उलटायची. गाळलेला भाग कळू नये म्हणून मधे दोन वाक्यं पदरची घालायची.

एकदा मायनं विचारलं, "एवढं मोठं घर, अन् कामाला कुणीच न्हाई?"

"वहिनीच करते सगळं."

"एकलीच? भांडेकुंडे बी?"

"हो."

"लय कामाची हाय बाई," माय म्हणाली. आणि तिनं दोन्ही हातांनी वहिनीवरून दृष्ट काढली.

खोटं न बोलणाऱ्या बाईची गोष्ट मी अशी खोटं बोलत वाचली. मायला वाईट वाटू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते.

कार्यक्रमाच्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात शेपू निवडत होते आणि तोंडानं तालीम चालली होती. "म्या न्हाई घेतली वो. म्या न्हाई घेतली."

बाहेरून मायचा आवाज आला. "काय घेतली न्हाईस गं? कोण इचारायलंय तुला?"

ती दारात आली. खरंच घाबरलेली होती.

"कुणी नाही. कार्यक्रमात वाचायचंय."

"कशातलं?"

"आपल्या पुस्तकातलं. वहिनीच्या."

"त्यात असं कुठं हाय?"

"हाय माय. म्या ते सोडून वाचत हुते."

"कामून?"

कारण सांगायच्या ऐवजी मी शेपूची जुडी बाजूला सारली. हात धुतले, पुस्तक आणलं आणि गाळलेली सगळी पानं तिला वाचून दाखवली. शिंकणं, डोकावणं, वाटी, माफी. माय मांडीवर हात ठेवून ऐकत होती.

ती चिडेल म्हणून मी वाट पाहत होते. माझी तशी खात्रीच होती. ऊसतोडीला गेली नाही त्या एका साली माय सेलूच्या जिनिंग कारखान्यात कापूस निवडायला होती. सुटी झाली की बायांनी फाटकावर एकेक करून पदर झाडून दाखवायचा. आत कापूस लपवला नाही, हे दाखवायला. मी एकदा डबा धरून बाजूला उभी होते. वॉचमन मायला म्हणाला, "झाड." तिनं झाडला. "परत झाड." परत झाडला. "अजून." रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. पदरातून काही पडलं नाही. मग तो म्हणाला, "जा." सापडलं नाही असंही म्हणाला नाही.

ती माय आता धुरपाची बाजू घेईल, असं मला वाटलं.

माय म्हणाली, "घेतली असंल तिनं."

"कशावरून?"

"वहिनी खोटं बोलंल का?"

"वहिनी म्हणलीच न्हाई तिनं घेतली म्हणून. नुसती माफी दिली."

"माफी उगं देतंय का कुणी?"

मी पुस्तक चाळलं. पुढून, मागून. वाटी कुणी घेतली हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. लेखकाला गरजच पडली नव्हती. वहिनीनं माफ केलं, म्हणजे धुरपानं घेतली. मी इतक्या वेळा वाचलं, इतक्या वर्गांना शिकवलं, आणि मलाही गरज पडली नव्हती.

"पदर झाडून दाखवायचा हुता की तिनं," माय म्हणाली. "आमी न्हाई का दाखवायचो?"

तिच्या 'आमी'त अभिमान होता. ती पानं गाळून मी मायला धुरपापासून वाचवत नव्हते. वहिनीला मायपासून वाचवत होते. मी तिला एक डाग नसलेली बाई दिली, आणि मायनं त्या बाईच्या शब्दावर स्वतःसारख्या बाईला चोर ठरवलं. लेखकाचं काम लेखकानं केलं. त्याला मायपर्यंत पोचता येत नव्हतं. ते माझ्या आवाजानं केलं.

"म्या येणार कार्यक्रमाला," माय म्हणाली. "वहिनी कोण हाय?"

"डॉक्टरांच्या मिसेस."

"अन् तू?"

"धुरपा."

"मोठ्यानं वाच मंग. मागच्याला ऐकू गेलं पायजे."

सभागृह भरलं होतं. समई, शाल, नारळ. सरांनी शिदोरी सोडली. माय दुसऱ्या रांगेत इस्त्रीचं लुगडं नेसून बसली होती.

माझं पहिलं वाक्य आलं. मी 'व्हय जी' म्हटलं. हशा. मग वाटी हरवली. "म्या न्हाई घेतली वो वहिनीसाब." हशा. दुसऱ्यांदा म्हटलं, जास्त हशा. तिसऱ्यांदा म्हणताना मी दुसऱ्या रांगेकडं बघितलं. माय तोंडाला पदर लावून हसत होती. खांदे हलत होते तिचे.

डॉक्टरांच्या मिसेसनी हळू, गोड आवाजात वाचलं, "धुरपा, मी तुला माफ केलं." पुढचं वाक्य माझं होतं. लय उपकार झाले म्हणायचं आणि वाकायचं.

मी फाइल मिटली.

"नको," मी म्हटलं. "माफी नको. वाटी मी घेतलेली नाही."

मिसेसनी त्यांच्या कागदात बघितलं. तिथं असं काही नव्हतं. सर बाजूच्या पडद्याआडून दबक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, पुढचं वाक्य." माइकनं ते सगळ्यांना ऐकवलं.

"पुढचं वाक्य मी वाचणार नाही सर. धुरपानं वाटी घेतली हे कोणत्या पानावर आहे, ते आधी दाखवा."

सर मंचावर आले. "मॅडम जरा भावनाविवश झाल्या आहेत." मी अजिबात भावनाविवश नव्हते. मी त्यांना पान विचारलं होतं. मी खाली उतरले. धुरपाचं उरलेलं सूत्रसंचालकांनी वाचलं, भरपूर 'व्हय जी' घालून. लोक सुटल्यासारखे हसले.

एक गोष्ट मात्र मला नंतर कळली, आणि ती धुता येत नाही. नकार दिला तेव्हा मी 'घेतलेली नाही' म्हणाले. 'न्हाई' नाही म्हणाले. मायसारखं बोलले असते तर पुन्हा हसले असते, ही भीती होती. म्हणजे धुरपाची बाजू घेतानाही मी वहिनीचाच आवाज वापरला.

घरी जाताना माय माझ्या पुढं चालत होती.

"चार माणसात असं करतेत का? त्या डॉक्टरीणबाईचं तोंड बघितलं का तू? किती चांगलं वाचायल्या हुत्या."

"तू हसलीस माय."

"हसायचंच हुतं ते."

आणि तिनं पाऊल उचललं.

सोमवारी मुख्याध्यापकांनी बोलावलं. फार सौजन्यानं म्हणाले, "पुढच्या वर्षी दहावी नको असं तुम्हीच लिहून दिलं तर बरं. वरूनही विचारणा झालीय." मी म्हटलं, मी लिहून देणार नाही. काढायचं तर तुम्ही काढा, तुमच्या सहीनं. बहुतेक काढतील.

तोवर वर्ग माझा आहे. त्या आठवड्यात मी तो भाग पुन्हा काढला. क्षमाशीलतेचा प्रश्न खोडला आणि फळ्यावर लिहिलं: धुरपानं चोरी केली याचा पुरावा शोधा. पोरं अर्धा तास पानं उलटत होती. एकानं लिहिलं, ती तशीच असते. मी त्याला शून्य दिलं. असं लिहायला त्याला मीच शिकवलं होतं, हे माहीत असून दिलं. पुस्तक मी टाकणार नाही, जाळणार तर नाहीच. खोटं बोलू नये हे मला त्यानंच शिकवलं. आता ते त्यालाही लागू.

घरी मी पुन्हा पुस्तक घेऊन खाटेजवळ बसले.

"वाचायचं का माय?"

"वाच की. पर आपलं हमेशासारखं वाच."

मी वाटीचं पान काढलं.

"ते नको," ती म्हणाली. "त्या बाईचं नको."

"हे बी त्यातच हाय माय. म्या न्हाई सोडणार आता."

तिनं कूस बदलली आणि तोंड भिंतीकडं केलं. माझ्यामुळं तिची वहिनी गेली, हे मला दिसत होतं. त्या घरात तिला हक्कानं बसवलं ते मी, आणि तिथून उठवत होते तीही मीच. तिचं लुगडं नीट केलं, पायावर चादर घातली आणि वाचायला लागले. धुरपाला तिच्या तोंडचं न्हाई दिलं, 'व्हय जी' काढून टाकलं. माय हलली नाही. झोपलेली नव्हती.

ती कितीही दिवस भिंतीकडं बघू दे. मी एक पान गाळणार न्हाई.