उजवा गुडघा

फोन सकाळी आला. "पापा उठ नहीं रहे हैं," एवढंच श्वेता म्हणाली. श्वेता म्हणजे दादांची मुलगी, आणि दादा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. बायको नेमकी नागपूरला गेलेली. मी तेलीबांध्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरून लिफ्टची वाट न पाहता धावत खाली आलो, स्कूटरला किक मारली आणि ब्राह्मणपाऱ्यात दादांच्या घराचा अरुंद जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढलो. दारात श्वेता उभी होती, रडून डोळे सुजलेले. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. "फूफाजी... आपका घुटना?" आणि आत दादा कायमचे निजलेले असताना, मी दारातच लंगडायला लागलो. तेही डाव्या पायानं. गेली आठ वर्षं दुखत आलेला गुडघा उजवा होता.

दुखत होता कुठं म्हणा. खरी गोष्ट अशी की दादा रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले, त्याच वर्षी वहिनी गेल्या, आणि घरात बसवेना म्हणून ते चालायला लागले. आधी तलावाभोवती, मग आरंग गावापर्यंत, मग दर थंडीत थेट सिरपूरच्या जुन्या देवळांपर्यंत... ऐंशीएक किलोमीटर, पाठीवर सॅक घेऊन, चार दिवसांत. पहिला तंबू त्यांनी भनपुरीत ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या एकाकडून शिवून घेतला. तो इतका जड झाला की न्यायला ट्रकच लागला असता. दुसरा छत्रीच्या कापडाचा शिवला. मग वजन कमी करायचं वेडच लागलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजे तोलायचे, टूथब्रशची अर्धी दांडी कापून टाकायची. मी हसायचो. माझं स्वतःचं पोट कोणत्याही सॅकपेक्षा जड होतं, ही गोष्ट वेगळी.

पहिल्याच वर्षी ते म्हणाले, "जवाईबापू, यंदा चला माझ्यासंग. रस्त्यानं बोलाले कोनी नसते हो."

थंडीचे दिवस, पहाटे उठायचं, जमिनीवर झोपायचं... माझा हात आपोआप उजव्या गुडघ्यावर गेला. "दादा, हा गुडघा त्रास देऊन राहिला. पुढच्या वर्षी नक्की."

मला वाटलं, विषय मिटला. पण पुढच्या रविवारी दादा बाटली घेऊन हजर. तिळाच्या तेलात लसूण आणि ओवा जाळलेला. खाली सतरंजीवर बसले आणि माझा पाय मांडीवर घेऊन चोळायला लागले. मी अवघडून पाय ओढायला गेलो, "अहो दादा, तुम्ही मोठे..." तर मला गप्प केलं. "जवायाच्या पायाले हात लावाचा मान आहे माझा. बसा चूप." मी चूप बसलो. खोटं कशाला बोलू, फार छान वाटायचं. दोन-तीनदा तर मला झोपच लागली. असे आठ वर्षांतले कितीतरी रविवार. "आता कसं वाटून राहिलं?" ते विचारत. 'उतार आहे' म्हटलं तर सॅक पाठीवर येणार, म्हणून मी म्हणायचो, "तसंच आहे." घरात बायकोसमोरही लंगडायचो, कारण ती त्यांचीच बहीण. भाजीची पिशवी तिच्याच हातात असायची.

दिवस झाल्यावर श्वेतानं त्यांची सॅक माझ्या हातात दिली. "पापा कहते थे, ये रास्ता फूफाजी के लिए बना रहे हैं." आतल्या कागदावर सिरपूरचा रस्ता होता, पण चार दिवसांचा नव्हे, नऊ दिवसांचा. आठ-दहा किलोमीटरवर एकेक मुक्काम, पुढं त्यांच्या अक्षरात 'सावली', 'खाट मिळते', 'चढ नाही'. म्हणजे हा माणूस दर वर्षी माझ्या न दुखणाऱ्या गुडघ्यासाठी रस्ता सोपा करत होता.

पाच आठवड्यांनी मी निघालो. बायकोला म्हटलं, दादांसाठी. तिनं फक्त गुडघ्याकडे पाहिलं. पहिला दिवस मी ताठ चाललो, पण वाटेत एक शब्दही कुणाशी बोललो नाही. दादा काय म्हणत होते, ते तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी एका चहाच्या टपरीवर थांबलो. टपरीवाली म्हातारी दादांची सॅक बघत राहिली, मग म्हणाली, "तुमन ओ घुटना वाले दमाद हव का? दादा कहे रिहिन, दमाद ला लानहूं." जावयाला घेऊन येईन, असं दादा तिला दर वर्षी सांगायचे. "अउ दादा?" तिनं माझ्यामागं रस्त्याकडे पाहिलं. मी सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला. मग उठून माझ्यासाठी खाट टाकली आणि पाय ठेवायला उशी आणली.

खाटेपर्यंतची दहा पावलं मी लंगडत गेलो. या वेळी बरोबर पायानं. दादांना खोटं पाडायचं नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे हिंमत झाली नाही. पुढं प्रत्येक मुक्कामी तेच. कुठं गरम पाणी, कुठं हळदीचा लेप, सगळे मला ओळखत होते, सगळे दादांची वाट पाहत होते, आणि मी धडधाकट पायानं लंगडत सिरपूरला पोचलो. नदीकाठी छत्रीच्या कापडाचा तंबू लावला. दोघांना पुरेल एवढा होता.

परतलो तेव्हा गुडघा खरंच सुजला होता. आठ दिवस वाकडं चालल्यावर आणखी काय होणार? बायको गरम पाण्याची पिशवी घेऊन आली आणि मी तिला सगळं सांगून टाकलं, पहिल्या वर्षापासून. वाटलं, हसेल, निदान भांडेल तरी. तिनं पिशवी माझ्या गुडघ्यावर ठेवली.

"मले काहून सांगता आता?" ती म्हणाली. "त्याले सांगाचं होतं. चिडला असता तो. दोन दिवस बोलला नसता तुमच्याशी. तिसऱ्या दिवशी सकाळी तुमचीबी सॅक भरून दारात उभा राहिला असता."